घरीच असते, म्हणून फुकट?



"तू घरीच असतेस ना, मग एक तोरण विणून दे की!" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. लग्नसराई आली की आमच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावात क्रोशाची सुई चालवणाऱ्या बाईकडे मागण्या सुरू होतात. कुणाला रुखवतासाठी टेबलावरचा रुमाल हवा, कुणाला बाळासाठी झबलं-टोपडं, कुणाला जुन्या सुती साड्यांची गोधडी. दोरा आणून दिला की मागणाऱ्याचा हिशेब संपला. बाईचा वेळ, डोळे आणि पाठ फुकट! मला हे मुळीच पटत नाही.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून हिशेबच मांडते. समजा, मोठ्या रुमालाला चाळीस तास लागले, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर रोज ३१२ रुपये होता. पाच दिवसांचे १,५६० रुपये झाले, आणि हा दर अकुशल कामाचा. साखळ्या-खांब मोजायचे, एक टाका चुकला तर चार ओळी उसवायच्या, हे तर कुशल काम. त्याची बोळवण मात्र "छान झालंय गं" एवढ्यावर!

सरकारी कागदही असेच. राष्ट्रीय नमुना पाहणीत घरकाम करणाऱ्यांना दोन सांकेतिक क्रमांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम सांभाळून घरच्या वापरासाठी सरपण आणणं, शिवणं, विणणं वगैरे. आपल्या सुईला सरकारने वेगळा नंबर दिला, पण दोन्ही नंबरांच्या बायका श्रमशक्तीच्या बाहेरच धरल्या जातात. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८.

मोल काढताच येत नाही, असंही नाही. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं होतं. बाई गेल्यावर भरपाईसाठी आकडा सापडतो. ती समोर बसून विणत असताना का सापडू नये?

कुणी म्हणेल, पैशाची ही भाषा धर्मात बसते का? मंदिरातल्या शास्त्रांची वेष्टनं मी शिवते. पाणी गाळायला जाड सुती कापडाची दुपदरी गाळणी शिवून देते. त्याचा पैसा घेत नाही, घेणारही नाही. ते मी आपणहून देते, म्हणून ते दान. गृहीत धरून नेलेली वस्तू दान कशी होईल? न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, हे अचौर्य अणुव्रत आपण पाठशाळेत शिकलो. भिडेपोटी नाही म्हणू न शकणाऱ्या बाईचा वेळ घेताना ते आठवायला नको?

आणि खरं बोलायचं तर मागणाऱ्या बहुतेक आपणच असतो. जाऊबाईला सांगतो, शेजारणीला सांगतो, सुनेला तर हक्काने सांगतो. तिची पाठ दुखते का, हे विचारत नाही. बाजारात दीडशे रुपयांत मिळतं म्हणून तिला ऐकवतो. मग बाजारातूनच आणावं ना!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. विणायला घेतलं की वहीत तास लिहा. कुणी मागितलं तर दोऱ्याची किंमत आणि तासांची मजुरी मिळून आकडा सांगा. मग पूर्ण घ्या, निम्मा घ्या की भेट द्या, ते तुमच्या मनावर. भेट दिली तरी घेणाऱ्याला आकडा कळू द्या. आणि कुणी विचारलं, "काय करता?" तर "काही नाही, घरीच असते" हे उत्तर कृपा करून देऊ नका. शिवते, विणते, घर चालवते, असं सांगा.