चौसष्ट बिटांची सवय

समुद्रसपाटीवर हवेचा दाब साधारण १,०१,३२५ पास्कल असतो. हा आकडा सोळा बिटांच्या हाफ प्रिसिजनमध्ये भरून पाहा. उत्तर येतं ‘अनंत’. ६५,५०४ च्या पुढचं त्या भांड्यात मावतच नाही. बरं, पास्कल सोडून हेक्टोपास्कल घेतले तर १०१३.२५ आत बसतो खरा, पण साठवला जातो १०१३. त्या टप्प्यावर दोन शेजारच्या आकड्यांत अर्ध्याचं अंतर आहे. १०१३ किंवा १०१३.५, मधलं काही नाही. अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचा माग काढणाऱ्याला अर्धा हेक्टोपास्कल ही किरकोळ गोष्ट नव्हे. आता त्यातून १००० वजा करा आणि उरलेले १३.२५ तेवढेच साठवा. जराही तूट न येता बसतात. बिट तेच सोळा. फरक पडला तो भरणाऱ्याच्या हाताने.

संपादकीयाची सुरुवात प्राथमिक गणिताने केली, कारण हे गणित आपल्यातले बरेचजण विसरले आहेत. आम्हीही त्यात आलो. गेली तीस वर्षं आपण फोरट्रानमध्ये असो वा सी प्लस प्लसमध्ये, डोळे मिटून ‘डबल’ लिहीत आलो. पंधरा-सोळा अंक हाताशी असले की चार-पाच वाया गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही. १९८५ साली आयईईई ७५४ हे मानक आलं, विल्यम कहान यांच्यासारख्यांनी राउंडिंगचे नियम पक्के करून दिले आणि आपण निर्धास्त झालो.

ती निर्धास्ती आता बाजाराने काढून घ्यायला सुरुवात केली आहे. एनव्हिडियाच्या एच१०० चिपची चौसष्ट बिटांची कमाल गती ६७ टेराफ्लॉप्स होती. पुढच्या पिढीतल्या बी२०० मध्ये ती ४० च्या आसपास आली आणि बी३०० मध्ये जेमतेम सव्वा टेराफ्लॉप. जागा मिळाली ती चार आणि आठ बिटांच्या गणिताला. चार बिटांच्या त्या प्रकारात शून्य सोडलं तर धन आकडे सातच आहेत: ०.५, १, १.५, २, ३, ४ आणि ६. भाषेची प्रारूपं चालवायला तेवढे पुरतात, आणि चिपांचा मोठा गिऱ्हाईक आज तोच धंदा आहे. दोष कुणाला द्यायचा? आपण कधीच मोठे गिऱ्हाईक नव्हतो. इतरांसाठी बनलेल्या ग्राफिक्स कार्डांवर आपली गणितं लादून आपण दिवस काढले.

हे सगळं रडगाणं वाटेल. पण गेल्या काही वर्षांतलं संगणन-विज्ञानातलं आम्हाला सर्वांत आवडलेलं काम याच अडचणीतून आलं आहे. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने मे २०२१ मध्ये आपलं अंदाजाचं प्रारूप डबलवरून सिंगल प्रिसिजनवर नेलं. संगणनाचा सुमारे ४० टक्के खर्च वाचला. त्यांनी तो खिशात घातला नाही. त्यातून समूह-अंदाजातले उभे थर ९१ वरून १३७ केले. म्हणजे शेवटचे अंक सोडून दिले आणि बदल्यात वातावरणाचं जास्त बारीक चित्र घेतलं. मूळ निरीक्षणांतच दोन-तीन अंकांच्या पलीकडे भरवसा नसताना सोळा अंक वाहून नेणं हा नुसता हमालीचा खर्च होता. मात्र हे काम सरसकट ‘डबल’ पुसून ‘सिंगल’ लिहिण्याचं नव्हतं. कुठला हिशेब नाजूक आहे हे एकेक रूटीन तपासून ठरवावं लागलं, आणि तेवढे भाग डबलमध्येच राहिले.

दुसरी वाट जुनीच आहे. विल्किन्सन यांनी १९४८ साली हाताळलेली पुनःशोधनाची पद्धत घ्या: समीकरणं आधी कमी प्रिसिजनमध्ये झटपट सोडवायची, उरलेली चूक जास्त प्रिसिजनमध्ये मोजायची, दुरुस्ती करायची, पुन्हा मोजायची. फ्रंटियर या अमेरिकी महासंगणकाने मे २०२२ मध्ये नेहमीच्या लिनपॅक चाचणीत १.१ एक्झाफ्लॉप्स दिले. या मिश्र पद्धतीच्या चाचणीत त्याच यंत्राने जवळजवळ ७ दिले, आणि त्या चाचणीत उत्तर डबलच्या तोडीचंच यावं लागतं. तिसरी वाट ओझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. एका मोठ्या आकड्याचे लहान तुकडे पाडायचे, तुकड्यांचे गुणाकार कमी बिटांच्या वेगवान एककांवर करायचे आणि बेरीज जपून जुळवायची. २०१२ साली हा शोधनिबंध छापून आला तेव्हा तो अभ्यासूंच्या वर्तुळाबाहेर फारसा गेला नाही. आज चिप बनवणारे स्वतःच तो आपल्या लायब्रऱ्यांत घालत आहेत. रांगेत मागे उभ्या असलेल्याला अचानक पुढे बोलावतात, तसं झालं.

आता आपल्या घराकडे. पुण्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा संगणक सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर जाळीचं भारत अंदाज प्रारूप आलं. खोडदच्या महादुर्बिणीसाठी परम रुद्र आहे. पुण्यातली सीडॅक १९८८ पासून या कामात आहे. यंत्रांची रड आता पूर्वीइतकी नाही. रड आहे ती ती चालवणाऱ्यांच्या सवयींची. हल्ली आम्ही वाचतो त्या प्रबंधांत किती नोड लावले, रन किती तास चालला हे ठळक असतं. कुठला हिशेब किती बिटांत केला याचा उल्लेख क्वचित. क्यूमध्ये चार दिवस थांबून जॉब लागतो, शेवटी एनएएन येतो, आणि विद्यार्थी टाइमस्टेप निम्मा करून पुन्हा रांगेत उभा राहतो. एनएएन नेमका कुठल्या ओळीत जन्मला हे बघायला कुणी शिकवलेलंच नसतं.

आणि एनएएन निदान ओरडून सांगतो. गप्प बसणारी चूक जास्त वाईट. सिंगल प्रिसिजनमध्ये ०.१ ही संख्या एक कोटी वेळा साधी बेरीज करत मिळवा. दहा लाख यायला हवेत, येतात १०,८७,९३७. जवळजवळ नऊ टक्के चूक, आणि यंत्र अगदी शांत. हीच बेरीज कहान यांच्या युक्तीने, दर पायरीला गळालेला अंश वेगळा जपून, केली की बरोबर दहा लाख. वाढीव ओळी तीन. व्हँकुव्हरच्या शेअर बाजारात असंच झालं होतं. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक दर व्यवहारानंतर तीन दशांशांपुढचं नुसतं छाटत गेला. नोव्हेंबर १९८३ मध्ये फळ्यावर ५२४.८११ होते, खरा आकडा निघाला १०९८.८९२. बावीस महिने लोक मंदी समजत होते.

यंत्रशिक्षणाच्या प्रारूपांनी हा प्रश्न मिटवला, असं म्हणणारे तरुण सहकारी भेटतात. ग्राफकास्टसारखी प्रारूपं सोळा बिटांत शिकली आणि दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत देऊ लागली, हे खरंच. पण ती शिकली ईआरए-५ या संचावर. तो संच भौतिकीची समीकरणं सोडवणाऱ्या जुन्याच प्रारूपाने, निरीक्षणांशी जुळवून घेत, डबलमध्ये घडवलेला आहे. शिष्य चपळ निघाला म्हणून गुरुजींची वही फेकून देता येत नाही.

म्हणून या महिन्यापासून दोन गोष्टी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लेखात कुठला हिशेब कुठल्या प्रिसिजनमध्ये केला आणि बेरजेचा क्रम बदलला तर उत्तर किती हललं, या दोन ओळी लागतील. त्या नसतील तर लेख तपासनिसाकडे जाण्याआधीच परत येईल. आणि तुमच्या कोडमध्ये राउंडिंगने घातलेला गोंधळ, तुम्हाला तो कसा सापडला यासह, आम्हाला लिहून पाठवा. नावं छापणार नाही. पुढच्या अंकात त्यासाठी चार पानं राखून ठेवली आहेत.