चुलीचा धूर आणि कलम २१

विडीला न शिवलेल्या बाईला धाप का लागते? पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचे उत्तर दिले. जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी. पण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात जगणारे ३०० कोटी! आपण ज्याला सरसकट ‘दमा’ म्हणतो, तो पुष्कळदा या धुराने जडलेला सीओपीडी असतो.

भडगावच्या वस्तीत पऱ्हाटी पेटते, तेव्हा हाच धूर आमच्या मायबहिणी गिळतात. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. पण रोजंदारीवर सिलिंडर पुन्हा भरायचे कसे? शुद्ध हवा हा कलम २१ मधील जगण्याचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच, सुभाषकुमार खटल्यात सांगितले आहे. दमा हे नशीब नव्हे. कार्यकर्त्यांनो, श्वासाची तपासणी तालुक्यातच मागा!