मशीन आहे, सरावाचं काय?

अपघातातला पेशंट कॅज्युअल्टीत येतो. बाहेरून फारशी जखम नाही, पण बीपी घसरतंय. पोटात रक्तस्राव होतोय का? अशा पेशंटला सीटी स्कॅनला हलवणंही धोक्याचं. मग सोनोग्राफीचं छोटं मशीन खाटेपाशीच आणतात. यकृत आणि मूत्रपिंडामधली जागा, प्लीहेचा भाग, ओटीपोट, हृदयाभोवतीचं आवरण आणि दोन्ही फुप्फुसं असं भराभर बघतात. साचलेलं रक्त पडद्यावर काळं दिसतं. या तपासणीचं नाव ‘ई-फास्ट’. सरावलेला डॉक्टर ती काही मिनिटांत करतो.

सगळा प्रश्न या ‘सरावलेला’ शब्दापाशी येतो. प्रोब जरा तिरका झाला की चित्र बदलतं. थोडंसं रक्त असेल तर ते दिसतही नाही. ‘काही दिसलं नाही’ म्हणजे ‘काही झालेलं नाही’ असं नव्हे, हे पुस्तक वाचून अंगात भिनत नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने एकेका प्रकारच्या तपासणीसाठी 25 ते 50 स्कॅनचा मापदंड ठेवलाय, आणि तेही जाणकारांनी तपासलेले.

आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली 2009 मध्ये. त्यात सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आलाच. मशीन आणि जागा नोंदवलेली हवी, वापरणारा डॉक्टरही पात्र हवा. हा कायदा उगाच आलेला नाही. मुली जन्माआधीच मारल्या जात होत्या, म्हणून महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. तो सैल करा, असं कुणीही म्हणू नये.

पण कायद्याच्या धाकाने मशीन कपाटात कुलूपबंद ठेवणं हाही उपाय नाही. इमर्जन्सी विभागाचं मशीन रीतसर नोंदवा, शिकणाऱ्या डॉक्टरांकडून सीनियरच्या देखरेखीखाली स्कॅन करून घ्या, प्रत्येक स्कॅन लॉगबुकात लिहा. नोंद चोख असली की कायदाही पाळला जातो आणि हातही तयार होतो.

तुम्ही एमबीबीएसला असाल, तर पीजीची सीट निवडताना स्टायपेंडसोबत एवढंही विचारा: ‘इथे रेसिडेंटला स्वतः किती स्कॅन करायला मिळतात?’ आणि मेडिकलला नसाल, तरी हा विषय तुमचाच आहे. रात्री बाइकवरून घरी परतणारे आपणच असतो ना!