संगणकातील फरदड

फरदड म्हणजे काय, हे कौंडण्यपूर ते अकोला या पट्ट्यातील कोणत्याही कास्तकाराला समजावून द्यावे लागत नाही. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, एखादे पाणी देऊन आणखी थोडा कापूस पदरात पाडून घ्यायचा, हा हिशेब त्याच्यापुरता बरोबर असतो. परंतु त्याच पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र चालू राहते आणि पुढील हंगामात ती शेजाऱ्याच्या शेतात उतरते. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशा स्थितीला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. २०१७ च्या खरिपात बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. त्यामागील कारणांत फरदडही होती. त्याच वर्षी संगणकांच्या जगातही असेच घडले. त्यापासून आपल्या शाळा-कार्यालयांनी बोध घेतलेला दिसत नाही.

संगणकाचा सारा कारभार ज्या मूळ आज्ञावलीवर चालतो तिला कार्यप्रणाली म्हणतात. ‘विंडोज’ ही त्यांपैकी सर्वपरिचित. तिच्यातील एक दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्या संगणकांत १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ शिरला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद करून त्याने खंडणी मागितली. पुढे २७ जूनला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ निघाला. इतर मार्गांबरोबर त्याच जुन्या दोषाचा आधार घेत तो पसरला, डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीत पोहोचला आणि तिच्या समूहाकडील न्हावा-शेवा येथील टर्मिनलचे काम ठप्प झाले. युक्रेनमधील रोगाने रायगडचे बंदर अडावे, इतका हा शेजार आता जवळचा झाला आहे.

‘आमच्या संगणकात चोरण्याजोगे आहे तरी काय?’ असा प्रश्न अनेकदा ऐकू येतो. परंतु असा विषाणू घर पाहून शिरत नाही. पगारपत्रके, गुणपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज हे चोराच्या लेखी कवडीमोल असले, तरी ते नाहीसे झाल्यास विद्यार्थ्याचे वर्ष अडते. शिवाय आपला संगणक दुसऱ्याच्या घरात शिरण्याची पायरी ठरतो, ते वेगळेच.

खरा दोष आपल्या अंदाजपत्रकांत आहे. संगणकखरेदीसाठी निधी मिळतो, उद्घाटन होते. परंतु देखभालीचा रकाना बहुधा कोराच राहतो. ‘विंडोज १०’ साठी सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. तरीही ते संगणक पूर्वीसारखेच चालतात, आणि जे चालते त्यावर खर्च कशाला, असे वरिष्ठांना वाटते. उद्या अनर्थ ओढवला की खापर मात्र अनोळखी टपाल उघडणाऱ्या कारकुनाच्या माथी फुटेल. हा न्याय नव्हे.

उपाय साधे आहेत. दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात. दैनंदिन कामासाठी सर्वाधिकार असलेले खाते वापरू नये. चोरट्या प्रती वर्ज्य कराव्यात. आणि महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. मर्स्कच्या घानामधील कार्यालयात त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तेथील एक नियंत्रक संगणक जाळ्यापासून तुटलेला राहिला आणि त्यावरील प्रतीच्या आधारे कंपनीने आपली यंत्रणा पुन्हा उभी केली. वीज जाण्याचा असा उपकार विरळाच. त्यावर विसंबून कोणी कारभार करू नये.

एका शेतकऱ्याने पऱ्हाटी उपटून भागत नाही, ती साऱ्या शिवाराने उपटावी लागते. त्यामुळे हे काम एकेका संस्थेच्या मर्जीवर सोडता येणार नाही. संगणकासाठी अनुदान देताना शासनाने त्याच्या देखभालीची वार्षिक तरतूदही बंधनकारक करावी. ती ज्यांना परवडत नाही, त्यांनी नवा संगणक घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा.