ट्रॉलीला ब्रेक कुणी लावायचा?



बैलगाडीला ब्रेक होता. चाकाच्या लोखंडी धावेवर दोरीने आवळायचा लाकडी ठोकळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्या गाडीला तो नव्हता, तिथे उतार लागला की गाडीवान खाली उतरायचा आणि बैल जुवाला मान लावून गाडी अडवून धरायचे. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रासमोर लागणाऱ्या बैलगाड्यांच्या रांगा मी लहानपणी पाहिल्या आहेत. एका गाडीत फार तर दहा-बारा क्विंटल कापूस, वेग माणसाच्या चालीचा, आणि तेवढ्यालाही अडवण्याची सोय. आज त्याच कापसाचे तीस क्विंटल ट्रॉलीत चढतात, वेग बैलाच्या सहापट असतो, आणि ट्रॉलीच्या चाकांमागे वाकून पाहिले तर ब्रेकच्या जागी काही नसते. नुसता कणा आणि टायर. याला आपण प्रगती म्हणतो.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आमच्या स्वतःच्या ट्रॉलीने हा धडा दिला. नांदगाव तालुक्यातून कापूस भरून मालेगावच्या बाजूला निघालो होतो. ट्रॅक्टर मी चालवत होतो. कापसावर वेचणीच्या चार बाया बसलेल्या, त्यात माझी सख्खी चुलती. ओढ्याच्या उतारावर समोरून शेळ्या आल्या. मी घाबरून क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबले. क्लच दाबताच इंजिनाचा आधार सुटला, मागून ट्रॉलीने ढकलले आणि ट्रॅक्टर ट्रॉलीशी काटकोनात वळून रस्त्याच्या कडेला बसला. त्यात भर म्हणजे सकाळी शेतात वळणे घेण्यासाठी दोन्ही ब्रेक-पेडल जोडणारी पट्टी काढली होती, ती रस्त्यावर येताना लावायची राहिली. म्हणजे ब्रेक लागला तोही एकाच चाकाला. चुलतीचा खांदा मोडला. आजही तिचा उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. कापूस दोन हातांनी वेचायचा असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

चूक माझी होती. कृषीची पदवी आहे, यंत्रांचा विषय शिकलेलो आहे, तरी चूक झाली. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. चालकाची एक चूक झाली की जीव टांगणीला लागावा, अशी गाडी आपण विकत घेतलीच का?

थोडा हिशेब करू. ट्रॅक्टर दोन टनांचा धरा. त्याला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर १४०० किलोच्या आसपास वजन येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड वजनाच्या साठ टक्के धरली तर अडवण्याची ताकद ८४० किलोची. त्याहून जास्त पाय दाबाल तर चाक घसरेल, ताकद वाढणार नाही. आता ताशी २५ किलोमीटरने नुसता ट्रॅक्टर चालला असेल तर ब्रेक लागल्यापासून सहा मीटरवर थांबतो. त्याच्यामागे सहा टनांची चारचाकी ट्रॉली लावा. कांदा किंवा ज्वारीची पोती भरली की एवढे वजन सहज होते. सगळे मिळून आठ टन झाले, अडवणारी ताकद तेवढीच, ८४० किलो. आता थांबायला चोवीस मीटर लागतात. हे सपाट रस्त्यावर. वीस फुटांना एक फूट उतार असेल तर आठ टनांतले ४०० किलो उतारच खेचतो, आणि थांबायला पंचेचाळीस मीटर लागतात. दहाला एक उतार असेल तर ८०० किलो उताराने खाल्ले, हातात उरले ४०. गाडी थांबायला अर्धा किलोमीटर पाहिजे. रस्त्यावर थोडी वाळू किंवा ओल असली तर ती थांबतच नाही. शिवाय ब्रेककडे पाय जायला एक सेकंद लागतो, त्यात सात मीटर गेलेले असतात.

कुणी म्हणेल, आम्ही खालच्या गियरमध्ये उतरतो, इंजिनच गाडी धरते. खालच्या गियरमध्येच उतरले पाहिजे, आणि गियर उतार लागायच्या आधी टाकला पाहिजे. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे शहाणे अजून आहेत. त्यांनी वाचवलेले डिझेल एक दिवस कुणाच्या तरी तेराव्याला कामी येईल. पण इंजिन गाडी धरते तेसुद्धा मागच्या त्याच दोन टायरांमधून. पकड तीच ८४० किलोची. इंजिन वेगळी पकड कुठून आणणार? म्हणून राहुड घाट असो की कन्नडचा, उपाय एकच उरतो. जी सहा टन ढकलते, तिने स्वतःचे वजन स्वतःच्या चाकांवर अडवले पाहिजे. ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक लागला की सपाटीवरचे चोवीस मीटर पुन्हा सहा-सातवर येतात.

आता तो ब्रेक चालवायचा कशाने? अमेरिकेत पिकअपमागे घोड्यांचा किंवा अवजारांचा ट्रेलर ओढणाऱ्याच्या गुडघ्याशी एक छोटी डबी असते, तिला ब्रेक कंट्रोलर म्हणतात. ट्रेलरच्या चाकांत विजेचे चुंबक असतात. डबीतून वीज गेली की चुंबक ड्रमला चिकटतो आणि ब्रेक लागतो. या डब्या दोन जातीच्या. एक जात, पेडल दाबले की ठरलेल्या चढत्या क्रमाने वीज सोडते, गाडी हळू थांबते आहे की झटक्यात याच्याशी तिला देणेघेणे नाही. दुसरीत गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो ते ओळखणारा भाग असतो. तुम्ही जितके जोरात थांबाल तितका ट्रेलर थांबतो. तिथले जाणकार दुसरीच घ्या म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

ती डबी आपल्या ट्रॅक्टरला बसवा असे मी म्हणत नाही. काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्याची धूळ आणि गोठ्यातले उंदीर यांच्यापुढे ती वायरिंग दोन हंगाम टिकेल असे मला वाटत नाही. पण तिच्यातले तत्त्व आपल्याला पाहिजे. पाय एकच, पेडल एकच, आणि जितका दाब तितका ट्रॉलीचा ब्रेक. काही वर्कशॉपवाले ट्रॉलीच्या ब्रेकला वेगळा हाताचा दांडा लावून देतात. शेळ्या समोर आल्यावर माणूस स्टिअरिंग सोडून दांडा शोधत बसेल का? उभ्या ट्रॉलीला तो दांडा चांगला, चालत्या ट्रॉलीला नको.

आपल्याकडे तीन पर्याय कामाचे आहेत. पहिला, धक्क्यावर चालणारा. ट्रॉलीची दांडी पुढेमागे सरकते. ट्रॉलीने ढकलले की दांडी आत जाते आणि ब्रेक ओढला जातो. सोपा, स्वस्त, ट्रॅक्टरला काही जोडावे लागत नाही. लहान ट्रॉलीला, सपाट मुलखात ठीक. पण लांब उतारावर ट्रॉली सारखी ढकलतच असते, म्हणून ब्रेक सारखा लागलेला राहतो आणि ड्रम तापतात. मागे घेतानाही तो आडवा येतो, त्याला वेगळी कडी लागते.

दुसरा, तेलाच्या दाबाचा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल एका व्हॉल्व्हमधून ट्रॉलीला जाते आणि तो व्हॉल्व्ह ब्रेक-पेडलला जोडलेला असतो. चांगला बसवला तर पायाला अगदी अचूक उत्तर देतो. त्याचा दोष असा की साध्या, एका नळीच्या बांधणीत इंजिन बंद पडले की पंप बंद, आणि पंप बंद की ट्रॉलीचा ब्रेक गेला. नळी फुटली तरी तेच.

तिसरा हवेचा. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि टाकी, ट्रॉलीवर दुसरी टाकी, मध्ये दोन नळ्या. लाल नळीतून हवा सतत भरत राहते, पिवळीतून पायाचा हुकूम जातो. इंजिन बंद पडले तरी टाकीत हवा असते. आणि हुकाची पिन तुटून ट्रॉली सुटली, तर लाल नळी तुटताच ट्रॉली आपोआप ब्रेक लावून घेते. घाटातून जाणाऱ्या, चार चाकांच्या, जड माल नेणाऱ्या ट्रॉलीला माझे मत या तिसऱ्यालाच आहे, महाग असला तरी. मात्र रिकामी, अर्धी आणि भरलेली असा दाब बदलण्याची सोय त्यात मागून घ्या. भरल्या ट्रॉलीचा ब्रेक रिकाम्या ट्रॉलीला लागला की चाके जागच्या जागी अडकतात आणि ट्रॉली आडवी घसरते. आणि टाकीत साचलेले पाणी रोज सोडा. हे काम सालदाराला सांगून विसरू नका.

आमच्या अपघातानंतर मी एका ट्रॉली बनवणाऱ्याकडे गेलो. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी ट्रॉलीला पंखा मागतो आहे. "साहेब, कोटेशनमध्ये ब्रेक कुणीच टाकत नाही," म्हणाला. खरे होते. बँकेच्या कोटेशनमध्ये ट्रॉलीची लांबी, पत्र्याची जाडी, टायरचा आकार सगळे असते. पत्रा पातळ निघाला तर आपण भांडतो. ब्रेक मागत नाही, म्हणून तो मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून महाग राहतो.

कायद्याच्या नजरेत ट्रॉली काय आहे, हेही माहीत असू द्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे. तिची नोंद वेगळी, तिचा विमा वेगळा. आणि वर बसलेल्या बाया म्हणजे माल नव्हे; त्यांना काही झाले तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच काढते. १ ऑक्टोबर २०२२ ला कानपूरजवळ घाटमपूरला भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटली, वीसहून जास्त माणसे गेली, त्यात बहुतेक बाया आणि मुले. त्यानंतर तिथल्या सरकारने ट्रॉलीत माणसे बसवू नका असे आवाहन केले. आवाहन बरोबर आहे. पण वेचणीच्या बायांना सकाळी सातला शिवारात न्यायला दुसरी कोणती गाडी येते, हे आवाहन करणाऱ्यांनी सांगितले नाही. एस.टी. शिवारात जात नाही. तोपर्यंत ट्रॉलीत माणसे बसणार हे मी डोळे मिटून नाकारू शकत नाही. निदान भरल्या कापसावर आणि कडब्याच्या पेंढ्यांवर त्यांना बसवू नका. माल हलका दिसतो, पण उंच चढलेला असतो, आणि उंच माल वळणावर आधी कलंडतो.

पैशाचे म्हणाल तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराआधी सात लाख किंमत असलेल्या ट्रॅक्टरवर हा फरक एकोणपन्नास हजारांचा होतो. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याने त्यातला काही भाग ट्रॉलीच्या चाकांवर घालायला काय हरकत आहे? ज्यांची ट्रॉली जुनी आहे त्यांना हे सोपे नाही, ते मला कळते. कोरडवाहू कापसात हंगामाअखेर काय उरते ते मी तुमच्याइतकेच जाणतो. म्हणून माझी सूचना अशी की एकेकट्याने वर्कशॉपच्या दारात उभे राहू नये. एका गावच्या दहा-पंधरा ट्रॉल्यांची मागणी एकत्र द्या, एकाच बनावटीचे भाग ठरवा म्हणजे दुरुस्तीला सुटे भाग गावातच ठेवता येतील, आणि पैसे देण्याआधी भरल्या ट्रॉलीची चाचणी समोर करून घ्या. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी वीसने चालवायची, ब्रेक लावायचा, अंतर टेपने मोजायचे. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आहे का, हे सीटवर बसलेल्याला लगेच कळते.

पुढच्या जिल्हा बैठकीत या विषयाला अर्धा तास मागून घेतला आहे. आमची ट्रॉली आता हवेच्या ब्रेकची आहे, ती मी भरून आणतो. तुमच्या गावची बिनब्रेकची एक भरून आणा, दुपारच्या जेवणानंतर मैदानावर दोन्ही चालवून टेप लावू. चुलतीही येणार आहे, ती पुढच्या सीटवरून. आणि ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्यांनी दोन्ही ब्रेक-पेडलची पट्टी लावूनच गाव सोडावे.