नायिकेला ‘नाही’ म्हणू द्या

आमच्या वर्गात कादंबरीतील प्रेमावर तासन् तास चर्चा चालते. पण संगणकावरील खेळांतल्या प्रेमाचा विषय मी काढला, की सारे हसतात. हसोत बापडे! ज्या खेळात एखादे पात्र होऊन पन्नास-साठ तास वावरायचे, सोबत्यांशी बोलायचे, भांडायचे, त्या रोल-प्लेइंग खेळांतली प्रेमकथा कशी लिहावी, हा मला साहित्याचाच प्रश्न वाटतो.

बायोवेअर कंपनीचा ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा २००९ सालचा खेळ घ्या. त्यात प्रत्येक सोबत्याच्या मर्जीचा एक आकडा असतो. भेटवस्तू द्या, आकडा चढतो. मॉरिगन या जादूगारणीला दागिने आवडतात. ते देत राहावे आणि तिच्या मनात शिरावे, असा सोपा हिशेब. पण त्याच खेळात एक सोन्याचा आरसाही आहे. लहानपणी तिने असाच एक आरसा चोरून आणला होता आणि आईने तो जमिनीवर आपटून फोडला होता. तिची ही आठवण ऐकून आपण तसा आरसा नेऊन दिला, की ती गोंधळते. याच्या बदल्यात तुला काय हवे, असे विचारते. माझ्या मते त्या खेळातला हा सर्वांत खरा क्षण. गंमत अशी, की तेव्हाही कोपऱ्यात आकडा वाढतोच!

हे मला का बोचते, ते सांगून टाकतो. गेल्या वर्षी एका मैत्रिणीला मी टिपणे उतरवून दिली, पुस्तके आणून दिली. परीक्षा झाल्यावर तिने सारे नीट परत केले, आभार मानले, आणि विषय संपला. मी पंधरा दिवस धुमसत होतो. तिने मला काहीही कबूल केले नव्हते. आकडा मीच मनात मोजत बसलो होतो.

म्हणून लेखकाने पात्राला नकाराचा हक्क द्यावा, आणि तो नकार आकडा कमी पडला म्हणून नव्हे, तर त्या पात्राच्या स्वभावातून यावा. ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ (२०१४) मधला डोरियन पुरुषांवरच प्रेम करतो, नायिकेने कितीही लाडीगोडी लावली तरी मैत्रीपलीकडे जात नाही. पोलंडच्या ‘द विचर ३’ मध्ये (२०१५) ट्रिस आणि येनेफर या दोघींनाही झुलवू पाहणाऱ्या नायकाला त्या दोघी मिळून पलंगाला बांधून निघून जातात. पात्रे अशी वागली, की ती जिवंत वाटतात.

माझ्या खोलीतल्या मित्राला हे पटत नाही. “नकार बाहेर काय कमी मिळतात? पैसे मोजून खेळातही तेच?” असे तो म्हणतो. त्याचे अगदीच चूक आहे, असे मला म्हणवत नाही. परवा रात्री ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये एका पात्राने त्याला झिडकारले. त्याने मुकाट्याने आधी जपून ठेवलेला डाव उघडला आणि तोच संवाद पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.