चाकरमान्यांनो, बंदुकीचा घोडा मुंबईहून आणू नका

भायखळा, लालबाग, परळच्या आमच्या भावांनो, ही नोंद खास तुमच्यासाठी.

भात पोटरीला आलंय. रात्री डुकरं उतरतायत. गावात शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका आहेत, पण बऱ्याच जणांचा घोडा सैल, नाहीतर चाप मोडका. मग मुंबईला फोन जातो आणि तिकडून उत्तर येतं, "भायखळ्याला एक ओळखीचा कारागीर आहे. घोडा बनवून गणपतीला घेऊन येतो. सुटा भागच तो, बंदूक थोडीच!"

हे ज्ञान अमेरिकेच्या व्हिडिओंतून आलेलं आहे. तिकडच्या १९६८ च्या कायद्यात बंदुकीची मूळ चौकट म्हणजेच बंदूक. नंबर तिच्यावर, बंधन तिच्यावर. चाप, दस्ता, नळी सुटी विकत मिळते.

आपला कायदा १९५९ चा. त्याच्या कलम २ मध्ये 'शस्त्र' या शब्दातच शस्त्राचे भाग धरलेत, ते बनवायची यंत्रंसुद्धा. निव्वळ घरकामाच्या नि शेतीच्या वस्तू तेवढ्या वगळल्यात. म्हणजे कोयती सुटते, बंदुकीचा घोडा सुटत नाही. आणि तुकडे केले म्हणून शस्त्र कायद्यातून सुटका होत नाही. संजय दत्तने एके-५६ मित्राकरवी तोडून नष्ट केली होती. भायखळ्यापासून जवळच आर्थर रोडच्या टाडा कोर्टात खटला चालला आणि २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा दिलीच.

नंबराचं त्याहून कठीण. कलम ८ सांगतं, बंदुकीवरचा नंबर खोडलेला सापडला तर ज्याच्या ताब्यात बंदूक, त्यानेच तो खोडला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचं त्याने. आजोबांच्या वेळची बंदूक, गंज काढताना कानस जरा जास्त लागली, की झालात आरोपी.

आता सरकारला विचारतो. कलम १३ म्हणतं, पीक राखायला शेतकऱ्याला ठासणीची बंदूक द्या. कलम ५ म्हणतं, बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षं कैद. गावच्या लोहाराने स्क्रू आवळला तरी तो याच कलमाखाली येऊ शकतो. मग परवानावाला कारागीर तालुक्यात कुठे आहे, ते तरी दाखवा! बंदूक द्यायची, नंबर जपायला सांगायचं आणि ती नीट ठेवायचा कायदेशीर रस्ताच ठेवायचा नाही, हा कुठला न्याय?

निवडणूक आली की बंदुका जमा करायला पोलीस ठाण्याला वेळ असतो. तसाच पावसाआधी एक दिवस दुरुस्तीचा ठेवा. परवानाधारक कारागीर बोलवा. मोडका भाग त्याच्यासमोर बदला, पुसट नंबर अधिकाऱ्यासमोर पुन्हा ठोका, परवान्यावर नोंद करा. शेतकरीही सुरक्षित, पोलिसांचं दप्तरही खरं.

जिल्हाधिकाऱ्यांना गावाचा एकत्र अर्ज देतोय. गणपतीला याल तेव्हा पिशवीत लोखंड नको. अर्जावर सही करा, तेवढीच मदत पुष्कळ झाली.